मोरचुदाच्या पाण्यातला थेंब

आधी कामाचं सांगते. ते सांगायला सोपं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे — तो मी लपवणार नाही. दुसरं जे आहे ते अजून कुणाच्याच कानावर गेलेलं नाही. आईच्या नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींच्या नाही, आणि ज्यांच्या कानावर सगळ्यांत आधी जायला हवं होतं त्या बाबांच्या तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं. जमेल का? बघते.

माझं घर डिलाईल रोडला, चाळीत. बाबा गिरणीत साचेखात्यात आहेत, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. आई घरातच खाणावळ चालवते. रत्नागिरीकडच्या आमच्या गावची माणसं — बायकामुलं गावाला, हे इथे गिरणीत — आमच्याकडे जेवतात. त्यांची चाळीत एक खोली आहे, तिला गावाची खोली म्हणतात. एकाची पाळी सुटली की तो येऊन तिथे झोपतो, दुसरा उठून कामाला जातो. ह्या मंडळींत बाबांना मान आहे. शिमग्याला गावात देवाची पालखी निघते, तिचा पहिला खांदा आमच्या घराचा. पणजोबांपासून. त्यामुळे मुंबईतही मंडळाचं काहीही असो, भजन असो, कुणाच्या मयताला जायचं असो, मोर्चाला निघायचं असो — पहिलं पाऊल बाबांचं, मग बाकीचे. हे कुणी ठरवलेलं नाही. तसंच आहे.

घरातून कॉलेजात गेलेली पहिली मी. आईला सही येत नाही, बाबा वर्तमानपत्र अक्षर लावून लावून वाचतात. मी मॅट्रिक झाले तेव्हा बाबांना पुष्कळांनी टोचलं. “पोरीला काय बालिष्टर करतोस?” बाबा म्हणाले, “करीन. तुझ्या भांडणात तुझी वकिली फुकट करील ती.” आणि त्यांनी मला माटुंग्याच्या कॉलेजात घातलं, सायन्सला. फी भागावी म्हणून काम बघणं भाग होतं. आमच्या एका सरांनी परळच्या एका इस्पितळात शब्द टाकला, आणि कॉलेज सुटल्यावर मी तिथल्या रक्तपेढीत जाऊ लागले.

तिथल्या मुख्य डॉक्टर एक बाई होत्या. गिरगावातल्या, जुन्या शिकलेल्या घरातल्या. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणत असू. त्यांना वाया गेलेली वस्तू बघवत नसे. रक्त काचेच्या बाटलीत घेतात. ती बाटली परदेशातून येते. ती धुवायची, वाफेवर ठेवायची, रबरी नळ्या वेगळ्या उकळायच्या, सुयांना धार लावायची. रक्त गोठू नये म्हणून आत औषधाचं पाणी मापात घातलेलं असतं. एवढं सगळं करून ती बाटली फुकट गेली, की बाई स्वतः ती मोरीत ओतत. दुसऱ्या कुणाला ओतू देत नसत. एकदा मला म्हणाल्या, “शेवंता, आपण मोरीला रक्त देतो आहोत. मोरीने मागितलं होतं का?”

मी नवीन होते तेव्हा अशा बाटल्या पुष्कळ असत. ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे पहिले दिवस. फाउंटनकडे गोळ्या चालल्या, माणसं जखमी होऊन आली, आणि पेढीतलं कपाट रिकामं झालं. मग गिरणगाव रक्त द्यायला लोटलं. आपल्या माणसाला रक्त लागतंय म्हटल्यावर कोण घरी बसेल? पण दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं की बाई कपाळाला हात लावत. बाटली थंड जागी उभी ठेवली की लाल रक्त खाली बसतं आणि वर पिवळसर, स्वच्छ पाणी दिसतं. तसं दिसायला हवं. आमच्या कितीतरी बाटल्यांत ते पाणी पांढरं दिसे, दुधासारखं. तसलं रक्त रोग्याला देता येत नाही. बाईंना वाटलं औषधाच्या पाण्यात काही दोष आहे. त्यांनी ते बदललं. नळ्या बदलल्या. तरी तेच.

मी कपाटापुढे उभी राहून बाटल्यांवरची नावं वाचत होते, आणि हळूहळू माझ्या कानशिलांपर्यंत गरम वाटायला लागलं. ही सगळी आमच्याकडे जेवणारी माणसं होती.

आईचाच प्रताप होता तो. कुणी रक्त द्यायला निघाला की आई त्याला बसवून शिरा वाढी — तुपाने हात ओला होईल असा. “अंगातलं रगात काढून देतायत, पोटात काय तरी असूं दे.” तिचं बघून आजूबाजूच्या बायकांनीही सुरू केलं. एकीने तर मटण वाढलं. त्या तुपाचं आणि चरबीचं रक्तात दूध होत होतं. मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी माझ्याकडे बघतच राहिल्या, मग खुर्चीत बसून खूप हसल्या. आईला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. “म्हंजे आता माणसाला उपाशी पाठवू? परळच्या डागदरणीला काय कळतं?” शेवटी असं ठरलं की जाण्याआधी चहा-पाव, आणि शिरा परत आल्यावर. शिरा थांबला आणि दुधाळ बाटल्या थांबल्या.

त्याचा मला अभिमान वाटला. आजही वाटतो. पुस्तकात वाचलेलं आणि घरात बघितलेलं असं दोन्ही एका जागी आलं होतं, माझ्यात. बाईंनी मला बाटल्या धुण्यातून काढून थेंबाच्या टेबलावर बसवलं.

आता थेंबाचं सांगते. इथून मला अवघड जाणार आहे.

रक्त घेण्याआधी माणसाच्या अंगात ते पुरेसं दाट आहे की नाही हे बघतात. काचेच्या पेल्यात मोरचुदाचं पाणी असतं, निळं, ठरावीक मापाचं. माणसाच्या बोटाला टोचून त्यातला एक थेंब काचेच्या नळीने वरून सोडायचा. थेंब थोडा आत जातो, क्षणभर थांबतो, आणि मग ठरवतो. दाट रक्ताचा असेल तर खाली तळाला जातो. पातळ असेल तर तिथेच तरंगतो किंवा वर येतो. वर आला की त्या माणसाला परत पाठवायचं. डोळा पाण्याच्या बरोबरीला आणून बघावं लागतं. बाजूला बसलेल्याला नीट दिसत नाही. म्हणजे दिसतं ते एकट्या टेबलावरच्या माणसाला, आणि तो सांगेल तेच खरं.

हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. सगळ्यांना रक्त द्यायचं असतं, आणि तुझं रक्त चालत नाही हे कुणालाही ऐकायचं नसतं. त्यातून आमची माणसं. “काय गो शेवंते, मला वळखत नाय?” “बाय, मंडळी खाली उभी हायत, मी काय तोंड दाखवू त्यांना?” शेजारचा दगडू असाच आला. त्याचा थेंब मध्येच लोंबकळत राहिला. खाली नाही, वर नाही. तो माझ्याकडे बघून हसत होता. लहानपणी त्याने मला खांद्यावर बसवून गणपती दाखवलेले. मी म्हटलं, जा आत.

बाटली अर्धी भरली आणि दगडू पांढरा पडला. त्याला पाय वर करून निजवला, बरं वाटलं त्याला. पण अर्धी बाटली कामाची नसते. औषधाचं पाणी पूर्ण बाटलीच्या मापाचं, आणि रक्त अर्धंच — ते रोग्याला घातक. बाईंनी ती मोरीत ओतली. मग नळ सोडून बराच वेळ हात धुतले.

अशा अर्ध्या बाटल्या वाढत चालल्या होत्या. माझ्या एकटीमुळे नव्हे, सगळेच थोडं थोडं सोडत होते. कुणी वॉर्डबॉयचा भाऊ, कुणी पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन आलेला. पण आमच्याकडचे कंपाउंडर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, “शेवंताबाईंच्या टेबलावर थेंबालाही डिलाईल रोडचा पत्ता विचारतात. पत्ता बरोबर निघाला की बुडतो.” सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं आणि अगदी शांतपणे सांगितलं की ओळखीवर चालायचं असेल तर ह्या टेबलाची गरज नाही, आणि गरज नसलेली माणसं ठेवणं त्यांना परवडत नाही. पुढच्या रविवारी आमच्या गावाचं मंडळ रक्त द्यायला येणार होतं. बाई म्हणाल्या, “तुझ्याच गावचे लोक आहेत. दुसऱ्या कुणाला बसवू का?”

मी म्हटलं, “नको. मी बसते.”

काम गेलं असतं तर कॉलेज गेलं असतं, हे खरं आहे. पण मी तुम्हाला ते कारण म्हणून देत नाही. मला त्या टेबलाची गोडी लागली होती. पांढरा कोट, निळं पाणी, समोर रांगेत उभी मोठमोठी माणसं. आणि बाईंचा माझ्यावरचा विश्वास — तो जाताना दिसत होता, तो मला परत हवा होता. तुम्हाला कधी कुणाच्या डोळ्यांतून उतरायची भीती वाटली आहे?

त्या रविवारी सकाळी मी सुया उकळत होते. मंडळ आलं की रांगेत पहिले कोण असणार हे मला माहीत होतं. पहिलं पाऊल बाबांचं. आणि तिथे, त्या उकळत्या पाण्यापुढे उभी असताना, माझ्या मनात आलं की समजा बाबांचाच थेंब वर आला, तर? तर मग त्यांच्यामागच्या एकाचीही मला गळ घालायची हिंमत होणार नाही. कंपाउंडरांचं तोंड बंद होईल. बाईंना कळेल.

मागाहून पुष्कळ दिवस मी मनाशी म्हणत होते की ते ऐन वेळी झालं, घाबरून झालं. तसं नव्हतं. ते मला सकाळीच सुचलं होतं. सुया चिमट्याने एकेक उचलून मी कापडावर मांडल्या, आणि तो विचार मनातच राहू दिला. बाहेर काढला नाही.

मंडळी आली. धुतलेले सदरे, केसांना तेल, एखाद्या लग्नाला आल्यासारखी. बाबा पुढे. बाबा उंच नाहीत, पण खांदे असे की दारातून येताना जरा तिरकं व्हावं लागे. ते स्टुलावर बसले आणि बाही वर सारून मागच्यांना म्हणाले, “बघा रे. डागदरीणबाय बसलेय. गडबड करू नका.” सगळे हसले. मलाही हसू आलं असतं. बाबांनी बोट पुढे केलं. मागावर तुटलेले धागे जोडून जोडून त्यांच्या बोटांची टोकं जाड झाली आहेत. सुई पहिल्यांदा आत गेलीच नाही. मी पुन्हा टोचली. थेंब नळीत घेतला. सोडला.

तो बुडाला. थांबला नाही, वळला नाही, सरळ तळाला गेला. इतका चांगला थेंब मी त्या टेबलावर क्वचितच बघितला होता.

मी मान वर केली आणि म्हटलं, “बाबा, वर आला. चालणार नाही.”

हेच ते. हे एवढंच वाक्य, जे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तळाशी तो थेंब दिसत होता. पेल्यात एकटाच, कारण ते पहिलेच. एका पाण्यात बऱ्याच जणांचे थेंब बघतात, पहिल्यानंतर पाणी कुणी बदलत नाही. मी पेला उचलला आणि मोरीत ओतला, म्हटलं नवीन पाणी घेते. कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाबांना आधी कळलंच नाही. ते बोट तसंच धरून बसले होते. मग म्हणाले, “परत बघ बाय. दुसऱ्या बोटाचं बघ.” बाई पलीकडच्या टेबलापाशी होत्या, त्या जवळ आल्या. त्यांनाही वाईट वाटलं असावं. म्हणाल्या, “अगं, एकदा पुन्हा करून बघायला हरकत नाही.” त्यांनी मला वाट काढून दिली होती, बघा. मी तीही बुजवली. मी म्हटलं, “नको बाई. नियम सगळ्यांना एकच.”

बाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यासाठीच मी हे केलं होतं. ते मला मिळालं. खोटं का सांगू — त्या क्षणी मला भरून आलं, आनंदाने.

मग जे झालं ते मी सकाळी धरलंच नव्हतं. बाबांच्या मागे आमच्याकडे जेवणारे, सगळ्यांसारखंच बाबांना भाऊ म्हणणारे सोनूकाका उभे होते, ते पुढे येईनात. कुणीच येईना. मानकऱ्याचं घेतलं नाही तर बाकीच्यांनी द्यायचं कसं? सोनूकाका हळू आवाजात म्हणाले, “चला रे परत. भाऊचंच नाय घेतलं.” आणि मंडळी खरोखरच वळली. मी टेबलामागे बसून बघत होते. इतकी माणसं, इतक्या धुवून उकळून मांडून ठेवलेल्या बाटल्या, आणि आत वॉर्डात रक्ताची वाट बघणारे रोगी — सगळं माझ्या एका वाक्यावर परत चाललं होतं. मी तोंड उघडलं का? नाही.

बाबा उठले. त्यांनी बाही खाली केली, बटण लावलं. म्हणाले, “खय चाललास सोनू? रगात गावाचं हाय, माझ्या एकट्याचं नाय. मी नाय तर तू. हो पुढं.” सोनूकाका मान हलवत होते. बाबांनी त्यांच्या दोन्ही खांद्यांना धरून त्यांना स्टुलावर बसवलं. “दिला तुला. माझ्या हातानं देतोय. बस.”

काय दिला, ते कुणाला सांगावं लागलं नाही.

त्या दिवशी प्रत्येक थेंब मी नीट बघितला. खरा. तिघांना परत पाठवलं, आणि एकानेही गळ घातली नाही. एकही बाटली अर्धी राहिली नाही. बाबा शेवटपर्यंत थांबले. रक्त देऊन उठलेल्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः कॉफी नेऊन दिली, दोन्ही हातांनी, आणि विचारलं, “बरं वाटतंय ना रे?”

आता मी जे सांगते ते मोठेपणासाठी नाही, पण ते खरं आहे, आणि ते टाकून ही गोष्ट पुरी होत नाही. त्या रविवारनंतर आमच्या पेढीत ओळख चालेनाशी झाली. वॉर्डबॉयचा भाऊ असो की पुढाऱ्याची चिठ्ठी, कुणी आलं की सगळे माझ्याकडे बोट दाखवत — तिने सख्ख्या बापाला सोडलं नाही. पुढे कुणी काही बोलत नसे. अर्ध्या बाटल्या जवळजवळ बंद झाल्या. नवीन बाटल्यांची मागणी इतकी कमी झाली की वरच्या कचेरीतून विचारणा आली, रक्त घेणं थांबवलंत का? बाईंनी ते उत्तर मला लिहायला लावलं. वाचलेल्या पैशांतून दुसरं थंड कपाट आलं. पूर्वी ज्यांना रक्त विकत आणा म्हणून सांगावं लागे अशा बायाबापड्यांना पेढीतलं रक्त मिळू लागलं. बाई दुसऱ्या इस्पितळांतल्या डॉक्टरांना आमचं काम दाखवायला आणत, आणि माझ्यापाशी येऊन थांबत. तो मान खोटा होता का? काम तर खरं होतं. ती माणसं खरी वाचली. मी पुष्कळदा हे दोन्ही हातांत धरून बघितलं आहे. एकाने दुसरं कमी होत नाही.

माझं काम कायम झालं. त्याच्यावर मी इंटर झाले, बी.एस्सी. झाले. आता एम.एस्सी.ला आहे.

आणि बाबा?

आई दुसऱ्याच दिवशी बीट घेऊन आली. मग खारीक, नाचणीची आंबील, शेवग्याचा पाला, बाजारातून कलेजी. खाणावळीतल्या माणसांना न वाढता ती बाबांच्या पानात वाढी. बाबा मुकाट्याने खात. गिरणीतून आले की जिना एका दमात चढत असत, ते आता मधल्या मजल्यावर थांबू लागले. मी एकदा वरून बघत होते. ते दमले नव्हते. दमायला हवं, म्हणून थांबले होते. कठड्याला हात टेकून, मनात काहीतरी मोजत असल्यासारखे. मग वर आले आणि आईला म्हणाले, “आज जरा बरं हाय.”

शिमग्याला आम्ही गावी गेलो. देवळापुढे पालखी उचलायची वेळ झाली तेव्हा गावकऱ्यांनी बाबांना हाक मारली. बाबा हात जोडून म्हणाले, “माझं रगात पातळ झालंय. पालखी नाचवताना देवाचा तोल जाईल. सोनूला दिलाय मी मान, मुंबईतच.” म्हातारी माणसं चुकचुकली. सोनूकाका रडत पालखीखाली गेले. ढोल वाजायला लागले. बाबा पालखीच्या पुढून चालत होते, रिकाम्या हातांनी, आणि वाटेतल्या मुलांना बाजूला करत होते. मी बायकांत उभी होते. तिथून त्यांना हाक ऐकू गेली असती. मी मारली नाही. त्यानंतरचे सगळे शिमगे तसेच गेले.

तुम्ही म्हणाल, सांगितलं का नाही? एका वाक्याचं काम. हेच मी मला विचारते, आणि दर वेळी एक उत्तर तयार असतं. ते उत्तर असं — बाबा ही गोष्ट सगळ्यांना सांगतात. गिरणीच्या दारात, चहाच्या दुकानात, सभेला मंडळी जमायच्या आधी. दोन्ही सोंगं स्वतःच वठवतात. आधी बोट पुढे करून बसलेले ते, मग मान ताठ करून मी. “बाप म्हणतो, परत बघ. पोर म्हणते, नियम सगळ्यांना एकच! अरे, दिल्लीत अशी एक पोर पायजे होती, कवाच महाराष्ट्र देऊन मोकळी झाली असती.” लोक हसतात, पाठीवर थापा मारतात. बाबांचं तोंड फुलतं. आता मी जाऊन खरं सांगितलं तर त्यांना त्यांचं रक्त परत मिळेल, पण ही पोर जाईल. तिच्यासाठी त्यांनी पालखी सोडली. मग त्यांच्याकडे काय उरेल? म्हणून मी गप्प राहते.

हे उत्तर ऐकायला चांगलं आहे. पण ते खरं नाही. खरं असं आहे की ती गोष्ट मलाच ऐकायला आवडते. बाबा सांगू लागले की मी हातातलं काम हळू करते. शेवटचं वाक्य येईपर्यंत आत जात नाही. त्या गोष्टीतली मुलगी मला आवडते. मी ती नाही, हे माहीत असूनही आवडते.

आणि हे फक्त तेव्हाचंच असतं, तर कदाचित मी लिहिलंही नसतं.

यंदा राज्य झालं. मुंबईसह झालं. डिलाईल रोडला पताका, दारादारांत रांगोळ्या, चाळीच्या पटांगणात मांडव. संध्याकाळी झेंड्यापाशी नारळ वाढवायचा होता, आणि मंडळाने एकमताने बाबांना पुढे केलं. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, दोनदा आत जाऊन आले, त्यांनीच वाढवावा. कुणीतरी त्यांच्या हातात नारळ दिलासुद्धा. बाबा तो नारळ हातात घेऊन उभे राहिले आणि मग हसून म्हणाले, “माझ्यात रगात खय हाय?” आणि त्यांनी गोष्ट सांगायला घेतली.

मांडवात लालबागेकडचे एक म्हातारे कामगार आले होते, त्यांना ती ठाऊक नव्हती. त्यांनी सगळी ऐकून घेतली. मग बाबांचे खांदे बघितले, आणि मला शोधून काढून माझ्याकडे वळले. “हा गडी? ह्याचं रगात पातळ? काय गो पोरी, तू सोता डोळ्यांनी बघितलंस?”

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे ऐकत आले, हसत आले, पण विचारलं कुणी नाही. सोनूकाका माझ्याकडे बघत होते. बाबाही बघत होते, नारळ हातात घेऊन, आणि त्यांच्या तोंडावर शंका नावालाही नव्हती.

“हो,” मी म्हटलं. “वरच आला होता.”

म्हाताऱ्यांनी मान डोलावली. बाबांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, बघितलंत ना, अशा अर्थाने, आणि नारळ सोनूकाकांच्या हातात दिला.